शेवटच्या कडव्याला

आमच्या मंडळीत कुठल्याही गीताचं शेवटचं कडवं वाद्यांशिवाय म्हणायची पद्धत होती. मंडळी म्हणजे आमचं चर्च, रविवारच्या उपासनेला जमणारी पन्नास-साठ माणसं. शेवटचं कडवं आलं की पेटी थांबायची, ढोलकीवाला हात मांडीवर ठेवायचा, मी गिटारच्या तारांवरून पोलादी बार उचलायचे आणि सगळे उठून उभे राहायचे. 'उभे राहा' असं कुणी म्हणत नसे. बार उचलला की उभं राहायचं, एवढंच ठाऊक. पप्पांनी ही पद्धत नगरकडच्या त्यांच्या गावातून आणली होती. ते म्हणायचे, शेवटी देवाला माणसांचा आवाज ऐकू गेला पाहिजे, वाजंत्र्यांचा नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. रविवारी सकाळी एका शाळेतला पहिलीचा वर्ग मिळायचा. बाकं पहिलीच्या पोरांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची. शेवटच्या कडव्याला उभं राहायची सगळ्यांना जरा जास्तच ओढ असायची ती त्यामुळेही असेल.

गिटार म्हटलं की लोकांना गळ्यात पट्टा अडकवून नाचणारा पोरगा दिसतो. माझी गिटार तसली नव्हे. ती मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवायचा. सूर तुटत नाही, एकातून दुसऱ्यात ओघळत जातो. मुंबईच्या आमच्या जुन्या चाळीतले एक शेजारी परदेशी जाताना ती गिटार पप्पांना देऊन गेले. बार मात्र त्यांच्या सामानात कुठंतरी हरवला होता. पप्पा बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत टर्नर होते. त्यांनी लेथवर स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यातून नवा बार काढला, दोन्ही टोकं गोल केली, आठवडाभर पॉलिश केला आणि माझ्या हातात ठेवला. मी बारा वर्षांची होते. तो बार अजून माझ्याकडे आहे, आणि त्याच्यावर ओरखडा नाही.

शिकवणारे पप्पाच. त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं, पण कान तिखट होता. त्यांचा नियम एकच, आधी शब्द पाठ. ज्या गीताचे शब्द येत नाहीत ते वाजवायचं नाही. म्हणणारा जिथं श्वास घेतो तिथं बारही हलका व्हायला हवा. "तारा वाजवू नको, ओळ म्हण," असं ते सांगायचे. मी चिडायचे, पाय आपटायचे, आणि मग ओळ म्हणायचे.

मी चांगली वाजवायचे. सत्तरी जवळ आल्यावर नम्रपणाचं नाटक करायला माझ्याकडे वेळ नाही. मी फार चांगली वाजवायचे.

चेंबूरला मंडळीतल्या एका मुलीच्या लग्नात मी दोन गीतं वाजवली. रिसेप्शनला एक ऑर्केस्ट्रा बोलावला होता. त्याच्या मालकांना सगळे मास्टर म्हणत. ते गृहस्थ माझ्यासमोर येऊन खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, आमचा स्टील गिटारवाला गल्फला गेला. तुमी येता का? टेन्शन घेऊ नका, आमी फॅमिली टाइप लोक आहोत."

मी घरी येऊन सांगितलं. पप्पांनी आधी जेवण संपवून ताट उचललं. मग म्हणाले, "जा. पण ही गिटार मी मंडळीला दिलेली आहे, ती जाणार नाही. दुसरी घे."

"आणि बार?"

"बार तुझा आहे."

"तुम्ही याल ना ऐकायला?"

"जिथं वाजवणाऱ्याला टाळ्या पडतात तिथं माझं काय काम?"

ते रागावून बोलले नव्हते, आणि त्याचाच मला राग आला. रागावले असते तर भांडता आलं असतं. "ठीक आहे," मी म्हटलं, "मी पुन्हा विचारणार नाही." पप्पांनी एकदा समोर बसून माझं वाजवणं ऐकावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. आणि नेमकी तीच मागायची नाही असं मी स्वतःच्या तोंडानं ठरवून मोकळी झाले. आमच्या घराण्यात जमीनजुमला नाही, हट्ट आहे.

पहिला कार्यक्रम चेंबूरच्याच एका हॉलमध्ये झाला. मला एक संथ मराठी गाणं होतं. आमचा गायक चांगला होता, पण साथीच्या आधारानं गाणारा. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, मधला पीस मी असा वाजवला की समोरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटचा अंतरा सुरू झाला आणि माझा हात आपोआप वर गेला. बार गुडघ्यावर. गिटार एकदम गप्प झाली म्हटल्यावर व्हायोलिनवाल्यांना वाटलं आपणच चुकलो, ते थांबले. तबलजी थांबला. बिचारा गायक एकटाच भर स्टेजवर उघडा पडला आणि तिसऱ्या शब्दाला त्याचा सूर गेला.

पडदा पडल्यावर मास्टर आले. "मॅडम, कोण वारलं काय? दोन मिनिटं शांतता पाळलीत ती?"

मी माफी मागितली. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच झालं. रिहर्सलला नीट व्हायचं, कारण तिथं गाणं सारखं मध्येच तोडायचे. लोकांसमोर, सलग, शब्द पाठ असलेलं गाणं म्हटलं की शेवटच्या कडव्याला हात वर. वयाच्या बाराव्या वर्षापासूनची सवय, ती काय मास्टरांच्या ओरडण्यानं जाणार होती? शेवटी मी पप्पांच्या कपाटातून त्यांचा निळ्या चौकटीचा एक हातरुमाल उचलला आणि कार्यक्रमाच्या आधी डाव्या मनगटावर घट्ट बांधला. हात वर जायला लागला की रुमाल दिसायचा आणि लक्षात यायचं, हे चर्च नव्हे. रविवारी मनगट मोकळं, कार्यक्रमाला रुमाल. लोकांना वाटायचं ही बाईची स्टाइल आहे. पनवेलला एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या दोन कॉलेजच्या मुलींनी तसेच रुमाल बांधलेले मी पाहिले. पप्पा इकडे घरात रुमाल शोधत होते आणि आई त्यांना विसरभोळे म्हणत होती.

मग मी आठ वर्षं वाजवलं. सकाळी शाळेत शिकवायचे, दुपारी बसनं खाडीपूल ओलांडून रिहर्सलला जायचे. लग्नाचं लोक विचारायचे. मांडीवर आधीच एक आहे, दुसऱ्याला कुठं बसवू, असं मी म्हणायचे. त्यावर विचारणारे विषय बदलत. उरणला कार्यक्रम असला की आम्ही मुंबईहून लाँचनं मोऱ्याच्या धक्क्यावर उतरायचो. ओहोटीला लाँच अलीकडेच थांबायची आणि अॅम्प्लिफायर चौघांच्या खांद्यावरून होडीत जायचा. गिटार मी कुणाच्या हातात द्यायचे नाही, साडी खोचून स्वतः न्यायचे. तिथं लोकांना कोळीगीतं हवी असायची. मी आधी त्यांच्यातल्याच एका म्हातारीजवळ बसून शब्द पाठ केले, तेव्हा कुठं वाजवलं. वाजवून झाल्यावर ती म्हातारी स्टेजजवळ आली आणि गिटारवर वाकून चारी बाजूंनी बघायला लागली.

"गो बाय, यो तं आमचा गाना बोलतंय," ती म्हणाली. "याचा तोंड कुठं हाय?"

त्या म्हातारीची पावती मी पुढं मिळालेल्या प्रत्येक मानपत्राच्या वर ठेवते. ज्या वाद्याला तोंड नाही त्याचे शब्द तिला ऐकू आले होते. पप्पांनी शिकवलं ते तेवढंच तर होतं.

सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही बोलावणी यायला लागली. साठ वादकांत बाई मी एकटी. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसानं मला कोरसच्या बायकांच्या खोलीत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या स्टुलावर बसून, गिटार मांडीवर घेऊन, त्याला पाच मिनिटं वाजवून दाखवलं. पुढं तो माझ्यासाठी दार धरून उभा राहायचा. कागदावर लिहिलेला पीस इतरांसारखाच मीही वाजवायचे, पण टेकच्या आधी गायकाकडून गाण्याचे शब्द मागून घ्यायचे. वादक हसायचे, कारण शब्दांशी वादकांचं काय देणंघेणं. तेच वादक नंतर विचारायचे, तुमचा पीस गाण्याला चिकटल्यासारखा वाटतो तो कसा? मी सांगायचे, शब्द पाठ करा. कुणी केले नाहीत.

रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन-तीन मिनिटं उरली की एखाद्या गाण्याची वाद्यावर वाजवलेली धून लावत. नाव वगैरे सांगत नसत. एका सकाळी पप्पा आरशासमोर दाढी करत होते आणि माझीच धून लागली. मी स्वयंपाकघरात जागच्या जागी उभी राहिले. धून संपेपर्यंत पप्पांचा वस्तरा गालावर तसाच होता.

"दुसऱ्या ओळीत श्वास लवकर घेतलास," ते आरशातूनच म्हणाले.

त्या श्वासावरून त्यांनी मला ओळखलं होतं. मला इतका आनंद झाला आणि त्याचबरोबर इतका संताप आला की हातातली चपाती करपली. भिंतीतून, रेडिओतून, खिडकीतून ऐकायला चालतं. समोर येऊन बसायला नको.

मग आमच्या सेक्टरच्या सार्वजनिक गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा ठरला. मैदान आमच्या बिल्डिंगच्या समोर, स्टेज आमच्या गॅलरीपासून पन्नास पावलांवर. सोसायटीचे सेक्रेटरी आमचे शेजारी, कोकणातले, भिडस्त गृहस्थ. त्यांनी आपल्या सेक्टरची कलाकार म्हणून मला हार घालायचं ठरवलं आणि पप्पांना आमंत्रण द्यायला घरी आले.

"काका, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. तुम्ही आलात तर आम्हाला बरं वाटेल."

"येतो की," पप्पा म्हणाले.

ते गेल्यावर मी विचारलं, "आठ वर्षं आला नाहीत ते आता येणार?"

"शेजाऱ्यानं घरी येऊन बोलावलंय. नाही कसं म्हणायचं?"

शेजाऱ्यासाठी येणार होते, माझ्यासाठी नव्हे. मी त्या दिवशी रुमाल इतका घट्ट बांधला की बोटं गार पडली.

संध्याकाळी सातला मला हार घालून कार्यक्रम सुरू झाला. आरती कार्यक्रम संपल्यावर ठेवली होती. पप्पा पुढच्या रांगेत सेक्रेटरींच्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, उपासनेत बसायचे तसे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आई गॅलरीत उभी होती, कारण घराला कुलूप लावायला तिला आवडायचं नाही. सुरुवातीच्या गाण्यांना लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसा वसूल म्हणत टाळ्या दिल्या. प्रत्येक टाळीला माझं लक्ष पप्पांकडे जायचं. त्यांचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते. मला कळलं की हे असंच संपणार. उद्या शेजाऱ्यांना म्हणतील, छान झाला कार्यक्रम.

शेवटच्या आधीचं गाणं तेच होतं, चेंबूरला पहिल्या दिवशी फसलेलं, आणि गायकही तोच. मुखड्याला पप्पांनी मान वर केली. पहिल्या अंतऱ्याला डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना शब्द येत होते. सिनेमाच्या गाण्याचे शब्द, ज्यानं कधी थिएटरचं तोंड पाहिलं नाही त्या माणसाला, आणि तेही न अडखळता. मी घरी रियाज करायचे त्या प्रत्येक गाण्याचे शब्द त्यांनी बाहेरच्या खोलीत बसून पाठ केले असणार, नाहीतर माझा श्वास चुकला हे त्यांना कळलं कसं असतं? मला हे आठ वर्षांत सुचलं नव्हतं.

शेवटचा अंतरा आला. नंतर मास्टरांना मी सांगितलं की चुकून झालं. ते खोटं होतं. मनगटावरचा रुमाल मला स्वच्छ दिसत होता, आणि तो दिसत असताना मी बार उचलून गुडघ्यावर ठेवला.

व्हायोलिनं थांबली. तबला थांबला. गायकानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पण आता तो आठ वर्षांनी मोठा झाला होता. तो एकटा गात राहिला. आणि पुढच्या रांगेत पप्पा उठून उभे राहिले.

त्यांनी ठरवून केलं नव्हतं. बार उचलला गेला आणि ते उठले, जसे पन्नास वर्षं शेवटच्या कडव्याला उठत आले तसे. भर मांडवात, गणपतीसमोर, पाच-सहाशे माणसांत एकटे.

"ओ काका, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं.

ते बसले नाहीत. त्यांच्या शेजारी सेक्रेटरींनी वर पाहिलं. मान दिलेला पाहुणा उभा आणि आपण बसलेले, हे त्या भिडस्त माणसाला कसं चालणार? तेही उठले. सेक्रेटरी उठले म्हणताच मागच्या रांगांना वाटलं, आरती सुरू होतेय. मांडवात पुढचे उभे राहिले की आरतीच असते. खुर्च्या सरकल्या, लोकांनी चपला काढल्या, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, कुणीतरी लहान पोराच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा काढून घेतला. माझ्या डोळ्यांसमोर अख्खं मैदान उभं राहिलं आणि गप्प झालं. त्या शांततेत आमचा गायक शेवटचं कडवं म्हणत होता. तो इतका चांगला ना आधी गायला ना नंतर.

गाणं संपलं. एकही टाळी पडली नाही. आरतीच्या आधी टाळ्या कोण वाजवतं? सगळे हात जोडून उभे होते, आणि त्यांच्यात पप्पाही हात पुढं बांधून उभे होते. वाजवणाऱ्याला टाळी न पडणारी जागा त्यांना हवी होती. ती अशी आमच्या मैदानात, पन्नास पावलांवर सापडली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मांडीवर गिटार घेतलेल्या बाईला तोंड लपवायला हात मोकळे नसतातच.

पाचेक सेकंद कुणालाच काय करावं ते सुचेना. मग सेक्रेटरींनी, आता सगळे उभेच आहेत तर, म्हणून खरोखरच घंटा हातात घेतली आणि आरती उरकून टाकली. शेवटचं जोरदार गाणं राहूनच गेलं. मास्टर विंगेत कपाळाला हात लावून बसले होते. ते मला म्हणाले, "मॅडम, आठ वर्षांनी? मला वाटलं बरा झाला तुमचा तो आजार." त्यांनी मला पुढचे दोन कार्यक्रम दिले नाहीत. तिसऱ्याला स्वतःहून फोन केला, कारण दुसरा गिटारवाला शब्द पाठ करत नव्हता.

हार गळ्यात तसाच ठेवून मी घरी आले. पप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझा डावा हात ओढून जवळ घेतला.

"हा तर माझा रुमाल."

"हो."

"आठ वर्षं शोधतोय मी. हातावर कशाला?"

मी सांगितलं. शेवटच्या कडव्याला हात वर जाऊ नये म्हणून. गाठ फार घट्ट होती, आणि त्यांची बोटं लेथवर काम करून जाड झालेली. बराच वेळ ते नखानं ती गाठ उकलत बसले. मनगटावर लाल वळ उठला होता, त्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

"मास्टर रागावले का?"

"फार."

"रागावू दे. बार बरोबर वेळेला उचललास."

मग त्यांनी रुमालाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.